ऑटो लोवी : स्वप्नातून उठून प्रयोगशाळेत

ऑटो लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका ज्यू मद्यव्यापाऱ्याच्या घरी झाला. मुलाला शिकायचा होता कलेचा इतिहास. घरच्यांना हवा होता डॉक्टर. आपल्याकडेही घरोघरी हेच चालते. स्ट्रासबुर्गला वैद्यकाचे तास बुडवून ते तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊन बसत, ही गोष्ट आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना सुखावणारी आहे. तरी १८९६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९०९ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक.

मज्जातंतूचा संदेश हृदयाला पोचतो कसा, हा त्या काळचा वादाचा प्रश्न होता. बहुतेकांच्या मते तो विजेने पोचे. एखादे रसायन हे काम करीत असेल, असे लोवींना १९०३ मध्येच वाटले होते. पण ते सिद्ध कसे करावे हे सुचेना. विचार मागे पडला.

सुमारे सतरा वर्षांनी एका रात्री त्यांना स्वप्नात प्रयोग दिसला. अर्धवट झोपेत त्यांनी कागदावर काही खरडले. सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर लागेना! तो दिवस कसा गेला असेल? दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच पुन्हा सुचले. या वेळी कागदाच्या भानगडीत न पडता ते थेट प्रयोगशाळेत गेले.

बेडकांची दोन हृदये क्षारद्रवात धडधडत ठेवली. पहिल्याच्या व्हेगस मज्जातंतूला विजेने चेतवले, हृदय मंदावले. त्याच्यातला द्रव दुसऱ्या हृदयात घातला, तर तेही मंदावले! संदेश रसायनानेच गेला होता. हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. १९२१ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

सारे श्रेय स्वप्नाला देणे मात्र मला पटत नाही. बेडकाच्या हृदयाची ही पद्धत त्यांनी १९१८ मध्येच दुसऱ्या कामासाठी वापरली होती. जुना प्रश्न आणि हाताशी असलेली पद्धत यांची गाठ झोपेत पडली, एवढेच. दिवसा शांतपणे विचार केला असता तर आपण हा प्रयोग केलाच नसता, असे लोवी स्वतःच पुढे सांगत. शंका काढायला स्वप्नाने वेळच ठेवला नाही!

मार्च १९३८ मध्ये नाझींनी त्यांना दोन मुलांसह तुरुंगात टाकले. आपल्याला ठार मारतील आणि शेवटचे संशोधन अप्रकाशित राहील, ही त्यांची धास्ती. पहारेकऱ्याकडून पोस्टकार्ड मिळवून त्यांनी निष्कर्ष एका नियतकालिकाकडे धाडले. नोबेलची रक्कम नाझींच्या बँकेत वळती केल्यावरच त्यांना देश सोडता आला. १९४० पासून ते न्यूयॉर्कला होते. तेथेच २५ डिसेंबर १९६१ रोजी त्यांचे निधन झाले.