नायगावच्या परिषदेत बाबासाहेबांनी खोडलेले फसवे युक्तिवाद

व्हॉट्सअपवर असो की लग्नाच्या पंगतीत, वाद रंगला की तीच वाक्ये ऐकू येतात. वाडवडील करत आले, म्हणून आपणही करायचे. जात काय, सगळ्याच धर्मांत असते. तुमच्यातलाच अमुक तसा वागतो, मग तुम्ही कशाला बोलता? समोरचा माणूस गप्प होतो, पण मुद्दा होता तिथेच राहतो. दिसायला कारण आणि प्रत्यक्षात पोकळ, अशा युक्तिवादाला आपल्याकडे हेत्वाभास म्हणतात. यांतले काही हेत्वाभास बाबासाहेबांनी भर सभेत उलगडून दाखवले ते दादरजवळच्या आपल्या नायगावात, ३१ मे १९३६ रोजी.

१४ एप्रिल १८९१ ला महू येथे जन्मलेले भीमराव परळच्या बीआयटी चाळीत राहून एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे जॉन ड्यूई यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. पुढे लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी झाली. विरोधकाचे म्हणणे आधी नीट मांडायचे आणि मग त्याचा पाया तपासायचा, ही त्यांची पद्धत त्यांच्या लेखनात पानोपानी दिसते.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले आणि आक्षेपांचा पाऊस सुरू झाला. त्यातच लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणाचा मसुदा पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण मे १९३६ मध्ये स्वतः छापले. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, या लाडक्या युक्तिवादाची त्यात त्यांनी चिरफाड केली. कामे वाटून घेणे वेगळे आणि काम करणाऱ्या माणसांनाच जन्मावरून कप्प्यांत कोंबणे वेगळे. एकच शब्द दोन अर्थांनी वापरून केलेली ही हातचलाखी होती. हिंदू समाज इतकी शतके टिकला म्हणून तो चांगला, असेही सांगितले जाई. त्यावर त्यांचा मुद्दा असा की, टिकला की नाही यापेक्षा कोणत्या पातळीवर टिकला, हे विचारा.

त्याच महिन्याच्या शेवटी नायगावला मुंबई इलाखा महार परिषद भरली. बाबासाहेबांचे ते मराठी भाषण मुक्ती कोन पथे या नावाने घरोघरी पोहोचले आहे. समोर बसलेल्या लोकांच्या कानांवर रोज पडणारे आक्षेपच त्यांनी घेतले. वाडवडिलांचा धर्म कसा सोडायचा? या प्रश्नात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते, ती म्हणजे वाडवडिलांनी तो धर्म राजीखुशीने पत्करला. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते तिथेच. ज्यांच्या हाती विद्या नव्हती, पैसा नव्हता, शस्त्र नव्हते, त्यांच्यापुढे निवड होतीच कुठे? त्यांनी पूर्वजांना दोष दिला नाही, पण त्यांच्या नाइलाजाला संमतीही मानले नाही.

दुसरा आक्षेप अधिक चिवट होता: मुसलमान आणि ख्रिश्चनांतही जाती आहेत, मग धर्म बदलून काय मिळणार? बाबासाहेबांनी वस्तुस्थिती नाकारली नाही. तिथेही जाती आहेत, हे मान्य करून त्यांनी फरक दाखवला. तिथे जात हा त्या समाजाचा पाया नाही. इथे जातीला धर्माचाच आधार आहे. बीडीडी चाळीत राहिलेल्याला हे लवकर कळेल. शेजारच्या इमारतीचे छत गळते, म्हणून आपल्या इमारतीचा तडा गेलेला खांब धड ठरत नाही. दोन्हीकडे दुरुस्ती लागेल, पण धोका सारखा नाही.

आता थोडे आपल्या घरातले. एखादा मुलगा वस्तीतल्या बैठकीत शंका विचारतो आणि त्याला उत्तर मिळते की बाबासाहेबांनी सांगितले आहे, विषय संपला. कधी तो कोणत्या गटाचा आहे, याचीच चौकशी आधी होते. पहिल्यात मोठ्या नावाने कारणाची जागा घेतली, दुसऱ्यात मुद्दा सोडून माणूस धरला. हे आम्हीही केले आहे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी ग्रंथात आहे, परंपरा आहे किंवा आपला गुरू सांगतो एवढ्यावर काही स्वीकारू नका, असे बजावले होते. मग बाबासाहेबांच्या नावाने प्रश्न मिटवणे त्यांना तरी कसे रुचेल?

नायगावचे भाषण त्यांनी हुकूम देऊन संपवले नाही. महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला मिळालेला, स्वतःच स्वतःचा प्रकाश होण्याचा उपदेश त्यांनी शेवटी सांगितला आणि निर्णय समोरच्या लोकांवर सोपवला. परिषदेने धर्मांतराच्या बाजूने ठराव केला. कोणता धर्म, हे मात्र त्या दिवशी ठरले नाही. त्यासाठी वाचन, तुलना, चर्चा यांत आणखी वीस वर्षे गेली आणि १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला तो नागपूरला.