रेषेस चालविणारे विन्सर मॅके

अमेरिकन वर्तमानपत्रांतील चित्रकथांनीं विन्सर मॅके ह्यांस कीर्ति मिळवून दिली. परंतु चित्रानें स्थिर राहावें हें त्यांस रुचेना. १९१४ सालीं त्यांनीं ‘गर्टी’ ही डायनासोर-मादी पडद्यावर चालविली. त्यासाठीं हजारों कागद हातानें रेखाटावे लागले. मागचे डोंगरही प्रत्येक कागदावर नव्यानें! मॅके रंगमंचावरून चाबूक उगारून आज्ञा करीत व गर्टी पाय उचली. पत्रमालक हर्स्ट ह्यांस हा छंद खपेना. त्यांनीं मॅके ह्यांस अग्रलेखांचीं चित्रें काढावयास बसविलें. तरी फावल्या वेळीं, पदरमोड करून, सुमारें २५,००० चित्रें काढून त्यांनीं १९१५ सालीं बुडालेल्या ‘लुसिटानिया’ जहाजाचा चित्रपट १९१८ सालीं पुरा केला. त्यांतील, तान्हें मूल लाटांवर धरूं पाहणारी बुडती माता आम्हांस विसरवत नाहीं. १९३४ सालीं ब्रुकलिन येथें ते वारले. हातांत हर्स्टच्याच पत्राचें काम होतें.