उजेडाची जमाखर्च वही

जांभई देताना कानापुढं कट्कन वाजायचं, घास चावताना कळ कपाळात जायची. जबड्याच्या सांध्याचं दुखणं. दंतवैद्यांनी त्यावर लेसरचा मंद झोत धरला. ना चटका, ना चीर. खुर्चीत बसल्या बसल्या मला नील्स फिन्सेन आठवला.

१८६० साली फेरो बेटांवर तो जन्मला. शिक्षण आइसलंडमध्ये, मग कोपनहेगनला. १८९० मध्ये डॉक्टर झाला. घर उत्तरेकडं तोंड केलेलं. ऊन नाही, अंगात रक्त नाही, सदा थकवा. उन्हात बसलं की बरं वाटे. एवढ्याशा अनुभवाचं बोट धरून तो निघाला. त्या काळी त्वचेचा क्षय माणसांचे चेहरे खाऊन टाकी. १८९५ मध्ये फिन्सेननं विजेच्या प्रखर दिव्याचा उजेड भिंगांतून गोळा करून अशा एका रुग्णावर सोडला. जखमा भरल्या. पुढच्याच वर्षी संस्था उभी राहिली. एकेका रुग्णापाशी परिचारिका तास तासभर बसे.

त्याचा स्वतःचा आजार मात्र उजेडाच्या आवाक्याबाहेर होता. हृदय आणि यकृताची आवरणं घट्ट होत चालली होती, पोटात पाणी साचे. १९०३ चं नोबेल मिळालं, तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत होता; घ्यायलाही जाता आलं नाही. पैशातला मोठा वाटा संस्थेला दिला. पोटात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं, मीठ किती, याचा हिशेब तो अखेरपर्यंत मांडत राहिला. १९०४ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी गेला.

अतिनील किरण जंतू मारतात, असं त्याचं अनुमान. २००५ साली कोपनहेगनच्याच संशोधकांनी त्याची जुनी साधनं तपासली, तर ते किरण बहुतांशी भिंगांतच अडत होते! गुण आला तो बहुधा उरलेल्या उजेडानं. कारण चुकलं, पण नोंदी खऱ्या होत्या.

मंद लेसरची गोष्टही अशीच. १९६० च्या दशकात बुडापेस्टला एन्द्रे मेस्टर यांनी लेसरनं कर्करोग होतो का, हे उंदरांवर पाहिलं. कर्करोग झाला नाही. भादरलेल्या जागी केस मात्र लवकर उगवले. जबड्यावरच्या प्रयोगांत कुठं वेदना घटल्या, कुठं खोट्या झोतानंही तेवढाच गुण आला. मात्रा किती, यावर अजून एकमत नाही.

डॉक्टरांनी मला रोज एक नोंद करायला सांगितली आहे : तोंड किती बोटं उघडतं? बँकेत आयुष्य गेलं. वही मी चोख ठेवतो. दोनाची तीन बोटं झाली, तर ती मी नाही, वही सांगेल.