रमाबाई रानडे : शुश्रूषेच्या कामाला मान मिळवून देणारे आयुष्य

रुग्ण बरा होऊन इस्पितळातून घरी निघतो, तेव्हा तो डॉक्टरांचे आभार मानतो. परिचारिकेशीही दोन शब्द बोलतो. मात्र ज्या बाईने त्याचे अंथरूण बदलले, अंग पुसले, कुशीवर वळवले, रात्री-अपरात्री हाकेला ओ दिली, तिचे नावही बहुधा त्याला ठाऊक नसते. डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या खाणपट्ट्यातील गावांतून साखळी, डिचोली, म्हापसा वा बांबोळीच्या दिशेने कामाला निघणाऱ्या स्त्रियांमध्ये अशा शुश्रूषा सहायकही असतात. वेतन, पाळ्यांचे वेळापत्रक, कामाचा बोजा हे प्रश्न त्यांच्यापुढे आहेतच. पण आपल्या कामाची कोणीतरी दखल घ्यावी, ही त्यांची अपेक्षा त्याहून साधी आणि त्याहून जुनी आहे. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी पुण्यातील एका स्त्रीने ही अपेक्षा ओळखली आणि तिच्यासाठी एक संस्था उभी केली. त्या स्त्रीचे नाव रमाबाई रानडे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून रमाबाई सर्वांना परिचित आहेत. दूरचित्रवाणीवरील ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्यांचे बालपण आणि संसार घराघरांत पोहोचला. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र त्या मानाने कमी बोलला जातो. आणि शुश्रूषेच्या क्षेत्राशी त्यांचे नाते जुळले ते त्या उत्तरार्धातच.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. १८७३ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. पती एकतीस वर्षांचे, विधुर, सरकारी न्यायखात्यात मोठ्या पदावर आणि सामाजिक सुधारणेचे नामवंत पुरस्कर्ते होते. पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनी विधवेशी विवाह न करता वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली, याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. वधूला अक्षरओळख नव्हती. रानडे यांनी विवाहानंतर लगेचच त्यांना शिकवण्यास आरंभ केला.

हे शिक्षण सोपे नव्हते. पुण्याच्या त्या मोठ्या एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेने पाटी-पुस्तक हाती धरणे मान्य नव्हते. दिवसभर घरकाम, त्यात टोमणे आणि अबोला, आणि रात्री पतीसमोर धडा असा रमाबाईंचा दिनक्रम होता. नाशिकला बदली झाल्यावर काहीसा मोकळेपणा मिळाला. तेथेच त्या प्रथम सभेत बोलण्यास उभ्या राहिल्या. पुढे १८८४ साली, पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे यासाठी भरलेल्या सभेत, मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. बाहेर त्यांचे कौतुक झाले, घरी मात्र बोलणी खावी लागली. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि शिकणेही थांबवले नाही.

आपल्या परीने चांगले काम करावे आणि भोवतालच्यांनी त्याची खिल्ली उडवावी, हा अनुभव त्यांनी असा कोवळ्या वयातच घेतला. त्याचबरोबर एका माणसाचा ठाम पाठिंबा मनुष्याला किती बळ देतो, हेही त्यांनी अनुभवले. या दोन्ही गोष्टी पुढे त्यांच्या कामात उतरल्या.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि दांपत्य मुंबईला आले. पतीच्या अखेरच्या आजारपणात रमाबाई त्यांच्या उशाशी होत्या. रात्रीची जागरणे, वेदनांचे झटके, वैद्य-डॉक्टरांची ये-जा आणि धीर सुटू न देण्याची धडपड त्यांनी स्वतः केली. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही अलीकडे होत्या. त्या पुण्याला परतल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत.

त्यानंतर त्या बाहेर पडल्या त्या दुःखितांच्या वाटेने. तुरुंगातील स्त्री कैद्यांना त्या नियमाने भेटू लागल्या. इस्पितळांतील रुग्णांसाठी फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. रुग्णांना औषधाइतकीच मायेच्या हाताची गरज असते, आणि तो हात शिकलेला असावा लागतो, हे अशा भेटींत कोणाच्याही ध्यानात यावे.

आपल्याकडील उच्चवर्णीय कुटुंबांत शुश्रूषेच्या व्यवसायाला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. परक्याच्या शरीराला स्पर्श करणे, मलमूत्र काढणे, सर्व जातींच्या रुग्णांत वावरणे, रात्री घराबाहेर राहणे यांतील प्रत्येक गोष्ट सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांना धक्का देणारी होती. दुसरीकडे घरोघरी तरुण विधवा होत्या. त्यांचे केस काढलेले असत, त्यांनी मंगलकार्यात समोर येऊ नये असा दंडक असे आणि आयुष्यभर त्या कोणाच्या तरी अन्नावर जगत. या दोन गोष्टी एकमेकींना जोडता येतील, हे ओळखणाऱ्या मोजक्या माणसांत रमाबाई होत्या.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांच्या मनात स्त्रियांसाठी आश्रयस्थान काढून भारतीय स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्याची कल्पना आली. मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडे वळले आणि मुंबईत सेवासदनाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. रमाबाईंनी या संस्थेला आपले उर्वरित आयुष्य वाहिले.

सेवासदनातील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे प्रशिक्षण मिळू लागले. परंतु वर्ग उघडला म्हणून विद्यार्थिनी आपोआप आल्या नाहीत. स्त्रियांमध्येच या कामाविषयी अनास्था होती. त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची समजूत घालणे, हे काम विश्वासू नावाचा माणूसच करू शकत होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी स्वतः सांगत आहेत, या एका गोष्टीने अनेक बंद दारे किलकिली झाली असतील. शिकाऊ परिचारिकांसाठी संस्थेने स्वतंत्र वसतिगृह चालवले. रात्रपाळी करून येणाऱ्या मुलीला परतण्यासाठी सुरक्षित आणि प्रतिष्ठित जागा असली पाहिजे, ही व्यवहारी गरज त्यातून भागली.

याच काळातील एक प्रसंग रमाबाईंच्या चरित्रात आवर्जून सांगितला जातो. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात पारितोषिक वितरण सुरू होते. नाव पुकारल्यावर एक तरुण विधवा व्यासपीठावर आली. केशवपन झालेले, अंगावर विधवेचा वेष. तिला पाहताच प्रेक्षकांत बसलेल्या विद्यार्थ्यांनी टवाळी सुरू केली. तिने परिश्रमाने मिळवलेल्या बक्षिसाचा क्षणच तिच्या अपमानाचा क्षण झाला. रमाबाई हे पाहून व्यथित झाल्या; पण त्यांनी प्रसंग हसून टाळला नाही. समारोपाच्या भाषणात त्या थेट त्या तरुणांकडे वळल्या आणि त्यांच्या शिक्षणाविषयीच प्रश्न उपस्थित केला. जिच्या वाट्याला आलेले दुःख समाजाच्याच रूढीने दिले आहे, तिची थट्टा करणाऱ्याला सुशिक्षित कसे म्हणावे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभा स्तब्ध झाली.

सासरच्या माजघरात स्वतःवरचे टोमणे मुकाट्याने सोसणाऱ्या रमाबाई दुसरीच्या अपमानापुढे गप्प बसल्या नाहीत. गुणगौरव म्हणजे केवळ पारितोषिक हाती देणे नाही. ते घेणाऱ्या व्यक्तीचा मान राखण्याची जबाबदारीही देणाऱ्यावर असते, हे त्यांनी भरसभेत दाखवून दिले.

रमाबाई स्वतःही कष्टाला मागे हटल्या नाहीत. १९१३ साली दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी त्या गुजरात-काठेवाडात गेल्या. आषाढी-कार्तिकीच्या यात्रांत सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीला जात आणि स्त्री यात्रेकरूंची सेवा करीत. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या उतारवयात झटल्या. १९१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आठवणींचे पुस्तक मराठी आत्मचरित्रात आजही मानाचे स्थान राखून आहे. १९२४ साली त्यांचे निधन झाले. महात्मा गांधींनी त्यांना श्रद्धांजली वाहताना सेवासदनाच्या उभारणीचे श्रेय त्यांच्याकडे दिले. १९६२ साली, जन्मशताब्दीनिमित्त, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुण्यातील सेवासदन आजही कार्यरत आहे.

आज परिचर्येचा व्यवसाय कमीपणाचा मानला जात नाही. आपल्या गोव्यातही त्याचे रीतसर शिक्षण मिळते आणि मुली त्यासाठी अभिमानाने प्रवेश घेतात. परिचारिकेच्या हाताखाली काम करणाऱ्या शुश्रूषा सहायक स्त्रीपर्यंत हा मान पुरता पोहोचला आहे काय, हा प्रश्न मात्र उरतो. रमाबाईंनी आपल्या विद्यार्थिनींना दिलेल्या गोष्टी साध्या होत्या. नीट प्रशिक्षण, विसाव्याची सुरक्षित जागा, चारचौघांत केलेले कौतुक, आणि कोणी अवमान केल्यास पाठीशी उभे राहणारे वरिष्ठ. यांतील बहुतेक गोष्टींना मोठा खर्च लागत नाही.

आणि रुग्ण म्हणून, रुग्णाचे नातेवाईक म्हणून आपल्यालाही काही करता येते. पुढच्या वेळी इस्पितळातून निघताना, अंथरूण बदलणाऱ्या त्या बाईला तिचे नाव विचारावे आणि त्या नावाने तिचे आभार मानून मगच घराची वाट धरावी.