मीना कुमारींच्या लिव्हरला नेमकं काय झालं होतं?

'पाकिजा' ४ फेब्रुवारी १९७२ ला रिलीज झाला आणि ३१ मार्चला त्याची हिरोईन गेली. मीना कुमारी तेव्हा अवघ्या ३८ वर्षांच्या होत्या. आजार होता लिव्हर सिरोसिस. दारूने गेल्या, असं लोक एका वाक्यात सांगून मोकळे होतात. पण सुरुवात झाली होती झोप न लागण्यापासून.

दादरमध्ये जन्मलेली महजबीन बानो शाळेत जायच्या वयात कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, कारण घर तिच्या कमाईवर चालायचं. १९६२ च्या 'साहिब बीबी और गुलाम'मध्ये त्यांनी नवऱ्याला घरात थांबवण्यासाठी दारू प्यायला लागणारी छोटी बहू उभी केली. त्या वर्षीची फिल्मफेअरची बेस्ट ॲक्ट्रेसची तिन्ही नामांकनं एकट्या त्यांचीच होती. पण रात्र रात्र डोळा लागत नव्हता. झोपेच्या गोळीऐवजी डॉक्टरांनी ब्रँडीचा एक पेग सुचवला, असं सांगतात. १९६४ मध्ये पती कमाल अमरोहींपासून वेगळ्या झाल्यावर तो एकावर थांबला नाही.

लिव्हर तसं चिवट. इजा झाली तरी स्वतःला भरून काढतं. पण मार रोजचाच असेल तर आत व्रण साठत जातात आणि ते कडक, गाठीगाठीचं होतं. त्यातून रक्त नीट वाहत नाही, मागे दाब तुंबतो. मग पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, फुटल्या तर रक्ताची उलटी होते. रक्तातली घाण मेंदूपर्यंत पोहोचली की झोपेचं चक्रही बिघडतं, आणि अशा वेळी झोपेची गोळी घेणं धोक्याचं ठरतं. हे सगळं दारू न पिणाऱ्यालाही होऊ शकतं. हिपॅटायटिस बी, सी किंवा शुगर-लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर त्याला पुरेसं असतं.

१९६८ मध्ये मीना कुमारी लंडनला गेल्या. तिथे डॉ. शीला शेरलॉक यांनी उपचार केले. लिव्हरच्या आजारांवर तेव्हा जगात त्यांचा शब्द मोठा होता. मीना कुमारी सावरून परतल्या आणि १९६९ मध्ये रखडलेला 'पाकिजा' पुन्हा सुरू झाला. नाचाचे काही भाग मात्र पद्मा खन्नांनी केले, कारण शरीर साथ देत नव्हतं.

आज अशा पेशंटला दारू कायमची बंद, मीठ कमी, पण डाळ-अंडी-दूध पोटभर, असं सांगतात. मनाने पेनकिलर घ्यायची नाही. कॅन्सर वेळेत कळावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. उरलेलं लिव्हर सांभाळलं तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, नाहीच जमलं तर ट्रान्सप्लांट आहे. मीना कुमारींच्या काळात ते प्रयोगाच्या टप्प्यात होतं. भारतात पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट १९९८ ला झालं.

माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात त्यांचं दफन झालं. चारच महिन्यांनी, २० जुलै १९७२ ला, गीता दत्तही गेल्या. छोट्या बहूला आवाज त्यांनीच दिला होता. आजार तोच, सिरोसिस.