काट्याने सुटलेलं कोडं

बोटात काटा रुतला की आपण काय करतो? सुईने तो काढतो, वर चिमूटभर हळद दाबतो आणि कामाला लागतो. एखादं बारीक कुसळ आत राहून गेलं, तर दुसऱ्या दिवशी बोट लाल होतं, ठणकतं, पू धरतं. हा पू येतो कुठून, असा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही. इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाला तो पडला, आणि त्यातून शरीराच्या पहारेकऱ्यांचा शोध लागला.

इल्याचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचा. लहानपणापासून पोरगा किडेमुंग्यांत, झाडापानांत रमलेला. आईने त्याचं वेड ओळखलं आणि त्याला विज्ञानाकडे जायला बळ दिलं. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यास त्याने दोन वर्षांत उरकला. स्वभाव मात्र फार हळवा आणि तापट.

१८६९ मध्ये त्याचं ल्युदमिलाशी लग्न झालं. नवरी आजाराने इतकी खंगलेली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. क्षयाने तिला पोखरलं होतं. चार वर्षं त्याने तिची सेवा केली, चांगल्या हवेसाठी दूर मदेरा बेटावर नेलं, पण १८७३ मध्ये ती गेली. खचलेल्या इल्याने जीव द्यायला अफूची मोठी मात्रा घेतली. ती इतकी जास्त होती की उलटून पडली, म्हणून तो वाचला.

पुढे १८७५ मध्ये त्याने ओल्गाशी लग्न केलं. ती त्याच्यापेक्षा बरीच लहान, चित्रकलेत रस असलेली मुलगी. काही वर्षांनी तिला टायफॉइड झाला. ती जगेल की नाही, अशी वेळ आली. ती बरी झाली, पण मेचनिकॉफ पुन्हा निराशेत बुडाला आणि १८८१ मध्ये त्याने एका तापाच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. भयंकर आजारी पडला, पण त्यातूनही उठला. दोनदा मरणाच्या दारातून परत आलेल्या या माणसाचं खरं काम अजून व्हायचंच होतं!

१८८२ मध्ये ओडेसाची नोकरी सोडून तो इटलीतल्या मेसिना गावी समुद्राकाठी राहायला गेला. बरोबर ओल्गा आणि तिची लहान भावंडं होती. एक दिवस सगळी मंडळी सर्कस पाहायला गेली. हा एकटाच घरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. तारामाशाची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या आत फिरणाऱ्या पेशी सरळ दिसतात. त्याच्या मनात आलं, की या फिरत्या पेशी शरीराचं रक्षण तर करत नसतील? मग बाहेरची वस्तू आत घुसली, की त्या तिच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. त्याने बागेतले गुलाबाचे काटे आणून पिल्लांच्या अंगात खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतो तो काय, काट्यांभोवती पेशींचा वेढा पडलेला!

जंतूंना गिळणाऱ्या या पेशींना आपण भक्षक पेशी म्हणू. आपल्या बोटातला पू म्हणजे बऱ्याच अंशी अशाच लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. हे लोकांच्या सहजासहजी गळी उतरलं नाही. खरं संरक्षण रक्तातल्या द्रवात असतं, असं म्हणणारे मोठमोठे शास्त्रज्ञ त्याच्या विरोधात उभे राहिले. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याला जागा मिळाली आणि त्याने वर्षानुवर्षं ही लढाई लढवली. अखेर १९०८ चं नोबेल त्याला आणि विरुद्ध मताच्या पॉल एर्लिश यांना मिळून दिलं गेलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

उतारवयात त्याला दह्याचं वेड लागलं. आंबवलेल्या दुधातले जंतू म्हातारपण लांबवतात, असं त्याचं मत होतं. तो स्वतः नेमाने ते खाई, पण १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्याच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. ओल्गाने त्याचं चरित्र लिहिलं, म्हणून हा माणूस आपल्याला आतून कळतो.

पण पहारेकरी चोर ओळखतो कसा, हे कोडं पुढे शंभर वर्षं राहिलं. पेशींच्या अंगावर जंतूंची खूण ओळखणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतात, हे आता कळलं आहे. माशीत आणि उंदरात ते शोधणाऱ्या होफमन आणि ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

रक्ताच्या कर्करोगाशी याचं नातं इथेच जुळतं. ग्राहीचा निरोप आत पोचवणारं एक प्रथिन बिघडलं, की जंतू नसतानाही घंटा वाजत राहते आणि पेशी वाढत सुटतात. वाल्डेनस्ट्रॉम नावाच्या एका विरळ रक्तकर्करोगात दहापैकी नऊहून अधिक रुग्णांमध्ये हाच बिघाड असतो, हे २०१२ मध्ये दिसून आलं. दुसरीकडे, ल्युकेमियाच्या काही पेशी अंगावर सीडी-४७ नावाचं प्रथिन भरपूर मिरवतात. भक्षक पेशीवरच्या ग्राहीला ते सांगतं, की मी घरचीच आहे, मला खाऊ नको. चोराने घरच्याचा सदरा घालावा, तसं! हा सदरा उतरवणारं औषध काढायचे प्रयत्न झाले, पण अशा एका औषधाच्या रक्तकर्करोगावरच्या मोठ्या चाचण्या फायदा न दिसल्याने २०२३-२४ मध्ये थांबवाव्या लागल्या. शोध चालूच आहे.

तर मैत्रिणींनो, दह्याने कर्करोग बरा होतो असं कुणी सांगितलं, तर भुलू नका. उलट केमो चालू असताना काय खावं, हे डॉक्टरांनाच विचारा. आणि एक करा. ताप आठवडेच्या आठवडे हटत नसेल, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, थकवा जात नसेल, तर घरकामाचा शीण म्हणून अंगावर काढू नका. दर वेळी ते गंभीरच असेल असं नाही, पण रक्ताची साधी तपासणी करून घ्या.

शरीर आपल्याला ठणकून सांगत असतं. मेचनिकॉफने ते काट्याभोवती पाहिलं. आपण निदान ऐकायला तरी शिकू या.