बियांचा प्रवास मोजणारा डार्विन

१८५५ सालच्या वसंतात, इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात चार्ल्स डार्विनच्या घरी खाऱ्या पाण्याच्या छोट्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. एकीत कोबीचे बी, दुसरीत मुळ्याचे, बाकीच्यांत गाजराचे, कांद्याचे, अळिवाचे. काही दिवसांतच कोबी आणि मुळ्याच्या पाण्याला घाण वास सुटला, अळिवाच्या बाटलीत चिकट बुळबुळीत थर साचला. ४६ वर्षांचा हा गृहस्थ मात्र ठरावीक दिवसांनी थोडे थोडे बी बाहेर काढून पेरायचा आणि कोंब येतो का याची वाट बघायचा.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९चा. वडील श्रूजबरीतले नामांकित डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी त्याला सोळाव्या वर्षी एडिंबरोला पाठवले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया चालू असतानाच डार्विन तिथून बाहेर पडला आणि दोन वर्षांत त्याने वैद्यकाचे शिक्षण सोडले. पुढे १८३१ ते १८३६ अशी जवळपास पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावरून तो जगभर फिरला. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळातून वर आलेल्या गॅलापागोस बेटांवर त्याने वनस्पती गोळा केल्या. त्या त्या खंडातल्या वनस्पतींच्या नात्यातल्या, तरीही वेगळ्या होत्या.

मग या वनस्पती बेटांवर पोहोचल्या कशा? काहींच्या मते प्रत्येक ठिकाणची सृष्टी स्वतंत्रपणे निर्माण झाली होती. एडवर्ड फोर्ब्ससारखे शास्त्रज्ञ पूर्वी खंड आणि बेटे जोडणारी, नंतर बुडालेली जमीन होती असे मानत. सजीव एका पूर्वजापासून बदलत बदलत झाले असतील, तर त्यांच्या पूर्वजांनी समुद्र ओलांडलेला असलाच पाहिजे, हे डार्विनला दिसत होते. बी समुद्रात टिकतच नसेल, तर त्याच्या उपपत्तीचा एक मोठा आधार ढासळणार होता.

क्यू येथील वनस्पतिउद्यानातला त्याचा मित्र जोसेफ हूकर याला बिया खाऱ्या पाण्यात लवकरच मरतील असे वाटत होते. बाबा जिंकणार की हूकर, याची डार्विनच्या मुलांनाही उत्सुकता होती. निकाल बाबांच्या बाजूने लागला. ८७ जातींपैकी ६४ जातींचे बी २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही उगवले. काही जाती तर १३७ दिवसांनंतरही जिवंत होत्या.

पण लगेच नवा पेच उभा राहिला. बी जगले तरी बुडाले तर उपयोग काय? बहुतेक बिया तळाशी जात होत्या. इतके दिवस फुकट गेले, अशी चिडचिड डार्विनने हूकरला पत्रातून कळवली. पण प्रयोग सोडला नाही. वादळात किंवा पुरात नुसते बी नव्हे, तर फळांसकट फांद्याही वाहून जातात. म्हणून त्याने ९४ जातींच्या फळे लागलेल्या फांद्या वाळवून पाण्यावर सोडल्या. त्यातल्या १८ जाती २८ दिवसांहून अधिक काळ तरंगल्या. ताजे हेझलनट लगेच बुडाले, पण वाळवलेले ९० दिवस तरंगले आणि नंतर पेरल्यावर उगवलेही. दोन्ही प्रयोग एकत्र धरून त्याने अंदाज बांधला, की एखाद्या प्रदेशातल्या शंभरातल्या १४ वनस्पती २८ दिवस तरंगून पुन्हा उगवू शकतील. अटलांटिकच्या प्रवाहांचा वेग दिवसाला सरासरी ५३ किलोमीटर धरला, तर हे अंतर सुमारे १,५०० किलोमीटर भरते.

समुद्राची वाट बंद असेल तर पक्षी होतेच. बागेतल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याने दोन महिन्यांत १२ प्रकारच्या बिया वेचल्या. तळ्याकाठचा तीन चमचे चिखल सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवला. चहाच्या पेल्यात मावेल एवढ्या त्या चिखलातून ५३७ रोपे निघाली. पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून काय काय प्रवास करत असेल, याची कल्पना त्यावरून येते.

झाडांना एवढा खटाटोप कशासाठी, याचेही उत्तर त्याने जमिनीवरच शोधले. तीन फूट बाय दोन फूट जागा खणून मोकळी केली आणि तिथे उगवलेले प्रत्येक रोप मोजले. ३५७ पैकी २९५ रोपे मेली, मुख्यतः गोगलगाई आणि किड्यांमुळे. जिथे आधीच दाट झाडी आहे, तिथे नव्या रोपाला जागा, ऊन, पाणी मिळवणे कठीण असते. आपल्याकडे रुईच्या म्हाताऱ्या उडतात तसे तिकडे डँडेलियनचे बी उडते. गर्दीपासून दूर, मोकळ्या जमिनीवर पडण्याची संधी त्याला मिळते, हाच त्या पिसाऱ्याचा फायदा, असे डार्विनने मांडले. बहुतेक बिया वाटेत मरतात. पण हजारांतले एखादे बी रिकाम्या जागी रुजले, तरी वंश चालू राहतो.

हे सगळे त्याने सततच्या आजारपणात केले. उलट्या, छातीतली धडधड आणि थकवा यांनी त्याला अनेक वर्षे छळले. पुष्कळदा दिवसाचे दोन-तीन तासच काम होई. त्या आजाराच्या निदानावर डॉक्टरांचे आजही एकमत नाही. १८५८च्या जूनमध्ये त्याचा धाकटा मुलगा स्कार्लेट फीव्हरने गेला. त्याच दिवसांत आल्फ्रेड वॉलेसने स्वतंत्रपणे मांडलेली तशीच उपपत्ती त्याच्या हाती पडली. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले. खारवलेल्या बिया, वाळलेल्या फांद्या आणि चिखलातली रोपे या सगळ्यांचा हिशेब त्यात आहे.

हा विषय त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. ६ एप्रिल १८८२ रोजी ‘नेचर’मध्ये त्याचे एक टिपण छापून आले. एका पाणकिड्याच्या पायाला छोटा शिंपला घट्ट चिकटलेला सापडला होता. एका तळ्यातले जीव दुसऱ्या तळ्यात कसे पोहोचतात, याचा तो पुरावा होता. तो किडा त्याला पाठवला होता वॉल्टर क्रिक या माणसाने. पुढे डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिकचे हे आजोबा. टिपण छापून आल्यावर तेराव्या दिवशी, १९ एप्रिलला, डाउनच्या घरी डार्विनचे निधन झाले.